मिशी येईपर्यंत

माझ्या नाटकातल्या कारकिर्दीचं श्रेय द्यायचंच झालं तर ते माझ्या मिशीला द्यावं लागेल. म्हणजे ती वेळेवर उगवली नाही, याला. विसाव्या वर्षी माझं लग्न झालं तेव्हा माझा ओठ साफ होता, आणि भर मांडवात माझ्या बायकोच्या मावशीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "यातला नवरदेव कोनता वो, आन् करवली कोनती?" मांडव हसला. मीही हसलो. हसले नाहीत ते फक्त माझे बाबा.

बालाघाटला आमचं शिंप्याचं दुकान होतं, स्टेशनाकडून कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाबा पुढच्या मशीनवर बसायचे, मी मागच्या. बाबांची मिशी जाड आणि आज्ञाधारक होती, वळवू तशी वळायची. अशा माणसाच्या पोटी असा मुलगा निघावा, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. त्यांनी माझ्या ओठावर कांद्याचा रस चोळून पाहिला, एरंडेल लावून पाहिलं. मिशी आली नाही. गिऱ्हाईकं मात्र वासाने लवकर उठून जायला लागली.

ते छप्पन साल होतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही बालाघाटवाले भोपाळकडे तोंड करून बसलो. ज्यांना नाटकाचं वेड होतं त्यांना याची फार रुखरुख लागली. त्यातले सगळ्यात वेडे म्हणजे मास्तर. मास्तर कधी कोणत्या शाळेत शिकवायला नव्हते. ते कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे आणि अर्ज नसले की नाटक लिहायचे. त्यांनी एका शेतकऱ्याच्या लेकीच्या लग्नावर नाटक लिहिलं होतं. त्याला चांगलं भारदस्त, संस्कृत नाव होतं, पण ते कोणाच्याच जिभेला झेपेना. सगळे त्याला 'लेकीचं नाटक' म्हणायचे.

लेकीचं काम करणारा पोस्टातला मुलगा बदली होऊन शिवनीला गेला आणि मास्तर हवालदिल झाले. कोट शिवायला टाकला होता तो न्यायला दुकानात आले, आणि कोट घ्यायचा सोडून माझ्याकडेच बघत बसले.

"उभा राह्य जरा," ते म्हणाले. मी उभा राहिलो. "उजेडात ये. ओठ दाखव."

बाबांनी मशीन थांबवलं. मास्तरांनी काय ते सांगितलं. मला वाटलं आता बाबा कात्री फेकून मारतील. पण ते खाकरले, सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, "कर, मिशी येईस्तोवर. मिशी आली का खतम तुहं नाटक."

हे वाक्य मला पुढे कितीतरी वर्षं पुरलं. मी नट आहे, की नुसता बिनमिशीचा शिंपी आहे, हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी माझ्या मागे लावून दिला. दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी उडवून लावला असता. पण समोरच्याच मशीनवर बसलेला माणूस रोज काही न बोलता तेच विचारतोय म्हटल्यावर उत्तर शोधणं भाग होतं.

आता त्या नाटकाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते. धान कापून बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळी झालेली असतात, पाहुणे आलेले असतात, शिंगाडे, ऊस, मुरमुरे, पाळणे असं सगळं असतं आणि नाटक हवंच असतं. बाकीच्या मंडळ्या रात्रभर खेळायच्या. मास्तरांचा हट्ट वेगळा. लेकीचं नाटक बायकांनी पाहिलं पाहिजे आणि बायकांना अंधाराआधी घरी जायचं असतं, म्हणून आमचा खेळ ऊन कललं की सुरू. दुसऱ्या अंकात लग्न व्हायचं, कन्यादान व्हायचं आणि मग लेकीची पाठवणी. त्या वेळी गावातल्या बायका सरळ उठून रंगमंचावर यायच्या आणि लेकीची ओटी भरायच्या. तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, एखादा चोळीचा खण. ही रीत कोणी पाडली ते मास्तरांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ती लिहिलेली नव्हती. पण बायका उठल्या तर नाटक लागलं, आणि नाही उठल्या तर पडदे गुंडाळायचे, पुढल्या वर्षी त्या गावचं बोलावणं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला शिकवलं ते माझ्या बायकोने. मास्तर भाषणं पाठ करून घ्यायचे, पण बाई कशी असते हे त्यांनाही ऐकूनच माहीत होतं. मला वाटायचं, मला काय शिकवायचं? मी रोज झंपर शिवतो. पण आमच्या धंद्यात बाईचं माप घेत नाहीत. ती घरून एक जुना झंपर आणून टाकते, त्यावरून नवा बेतायचा, मान वर करायची नाही. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवून मी बाई म्हणून धड पाहिली होती ती एकच, आणि ती समोर बसून हसत होती.

"तुमी पदर धरून नाई राह्यले," ती म्हणाली, "कपडा मापून राह्यले."

खरंच मी पदर चिमटीत धरून ताणत होतो. तिने मला बसायला शिकवलं, उठायला शिकवलं, पायरीवर लुगडं किती उचलायचं ते शिकवलं. रडायचं आलं तेव्हा मी मास्तरांनी दाखवलं तसं दोन्ही हातांनी डोळे झाकले. ती म्हणाली, "बाई रडते तवा डोये नाई पुसत. नाक पुसते. डोये तसेच वाहू देते." आणि ओटी घ्यायला मी पदर पसरला तेव्हा तर तिने कपाळावर हात मारून घेतला. "भिकाऱ्यावानी नोका पसरू. खाली धरा, पोटापाशी. लेकरू घेतल्यावानी."

पहिला खेळ किरनापुराजवळच्या एका गावी होता. पडदा आम्ही दुसऱ्या एका मंडळीकडून मागून आणला होता आणि त्यावर राजवाडा रंगवलेला होता. त्यापुढे आमचा गरीब शेतकरी खाटेवर बसून धानाची चिंता करायचा. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बापाचं काम एक किराणा दुकानदार, आमचे शेटजी, करायचे. देह मोठा, आवाज मोठा, भूकही मोठी. कन्यादान करणाऱ्या बापाने सकाळपासून उपाशी राहायचं असतं, ही आपली रीत. त्यावर मास्तरांनी बापाला चांगलं पानभर भाषण दिलं होतं. "सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही," असं म्हणत शेटजी हात वर करायचे, तेव्हा पडद्यामागे खाल्लेल्या भज्यांचं तेल त्यांच्या मिशीवर चमकत असायचं. त्या दिवशी पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "शेटजी, मिशी पुसा पयले." लोक पोट धरून हसले.

आणि हसणं ओसरायच्या आत माझी पाठवणी आली. मी उभा राहिलो. नाक पुसलं. डोळे वाहू दिले. ते वाहत होते ते भीतीने, पण ते कोणाला कळणार? बांधीत बसलेल्या बायकांकडे पाहिलं. कोणी हलेना. पेटीवाला तेच तेच सूर पुन्हा वाजवत राहिला. मला समोर एकदम आमचं दुकान दिसलं आणि बाबांची पाठ दिसली. मग एका म्हातारीने शेजारणीच्या खांद्यावर हात देऊन स्वतःला उठवलं. ती आली, मी पोटापाशी धरलेल्या पदराकडे तिने पाहिलं आणि तांदूळ घालत हळूच म्हणाली, "रडू नोको माय. सासर आपलंच असते." तिच्यामागे बायकांची रांग लागली.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या भागाची लेक होतो. हे मी शेखी मिरवण्यासाठी सांगत नाही. खरं म्हणजे शेखी मिरवण्यासाठीच सांगतो, पण खरं आहे. छोट्या लाईनच्या गाडीतून राजवाडा गुंडाळून आम्ही कटंगीकडे जायचो, बसने तुमसरपर्यंत जायचो, वैनगंगेच्या अल्याड-पल्याड कुठेही मंडई असली की लेकीच्या नाटकाला बोलावणं. ओटीतले तांदूळ मंडळीच्या भाताला जायचे, खोबरं चटणीला. खण माझ्या वाट्याला यायचे, आणि घरात शिंपी असल्यामुळे त्यांचे झंपर व्हायचे. आमच्या मोहल्ल्यात माझ्या बायकोइतके झंपर कोणाकडे नव्हते. पाणी भरताना कोणी विचारलं तर ती सांगायची, "माह्या नवऱ्याच्या माहेरचे हायेत."

एकदा बालाघाटलाच नाटकांची स्पर्धा झाली. परीक्षक वरून कुठून तरी आलेले, त्यांना मराठी येत नव्हतं. पण आमची पाठवणी पाहून त्यातले एक साहेब रुमाल काढून बसले होते. शेवटी निकाल वाचला, तर सर्वश्रेष्ठ महिला कलाकाराचा कप लेकीला. नाव पुकारलं, पुढे श्रीमती लावून. मी पँट-शर्ट घालून वर गेलो. साहेब माझ्या मागे बघायला लागले.

"आपकी श्रीमतीजी नहीं आईं?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

आता काय सांगणार? मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझी बायको बायकांच्या बाजूने उठली, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ वर आली. साहेबांनी कप तिच्या हातात दिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आमच्या मंडळीने शिट्ट्या मारल्या आणि साहेब खूश होऊन हात जोडत राहिले. खाली उतरताना मी तिला म्हटलं, "अवो, हे काय केलं?"

"काम तुमी केलं," ती म्हणाली, "पन शिकवलं कोनं?"

घरी गेल्यावर बाबांनी कप हातात घेऊन फिरवून पाहिला. तो चांगला खोलगट होता. त्यांनी त्यात हुक आणि बटणं भरली आणि कप मशीनवर ठेवला.

"बाबा, कप भेटला आपल्याले," मी म्हटलं.

"सुनेले भेटला," बाबा म्हणाले. "तुले का भेटलं?"

त्या वेळेपर्यंत त्यांनी नाटक एकदाही पाहिलं नव्हतं. दुकान कोण पाहील, धान कोण पाहील, काही ना काही निघायचं. मला राग यायचा. इतका राग यायचा की मी टाके बारीक घालायचो, आणि काम चांगलं झालं म्हणून गिऱ्हाईक बाबांची तारीफ करून जायचं.

मिशी शेवटी आली. पंचविशीच्या पुढे कधीतरी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, आपली चूक झाल्यागत. मी ती सकाळ-संध्याकाळ उतरवायला लागलो. एकदा बाबांनी मला आरशापुढे वस्तरा फिरवताना पाहिलं. "उगवलेलं किती दिवस कापशीन?" एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले.

अडुसष्टच्या सुमाराला आमच्या भागातही नाटकात बायका काम करायला लागल्या. लोकांनी दुसऱ्या मंडळ्यांमध्ये त्या पाहिल्या आणि मास्तरांना विचारायला लागले, तुमच्या लेकीचा गळा काहून भारी झाला? गळा भारी झाला होता, कंबरही झाली होती. मास्तरांनी नागपूरची एक मुलगी आणली. गोड गळ्याची, कष्टाळू, मला पहिल्याच दिवशी 'दादा' म्हणाली, म्हणजे तिच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही. त्याच वर्षी शेटजींना दम लागायला लागला होता. मास्तर दुकानात आले, माझ्यासमोर बसले आणि बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापाचं काम तू कर. मिशी वाढव."

बाबांना काही म्हणायची गरजच नव्हती. मिशी आली होती.

त्या मुलीला मी पदर धरायला शिकवला. पोटापाशी, लेकरू घेतल्यासारखा. शिकवताना बरं वाटत होतं आणि आतून जळतही होतो, दोन्ही एकदम. घरी येऊन बायकोला म्हटलं, "आता मले कसं समजन, काम लागलं का नाई? लेकीले ओटी असते. बापाले काय असते?"

"बापाले काय असते!" ती म्हणाली. "बापाले खर्च असते."

मी हसलो नाही. मग ती शिवण बाजूला ठेवून म्हणाली, "लेक मी शिकवली. बाप मले नाई येत. तुमच्यापुढं दिवसभर एक बसला असते, त्याले पाहा."

मी बाबांकडे पाहायला लागलो. चोरून, दोऱ्याचं रीळ शोधतोय असं दाखवून. ते गळ्यात टेप घालून बसायचे आणि जेवतानाही काढायचे नाहीत. अवघड काही बोलायचं असलं की आधी खाकरायचे. आणि मला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आठवलं. कटंगीजवळच्या गावात दिली होती तिला. बाबांनी तिचे सगळे झंपर स्वतः शिवले होते, मला हात लावू दिला नव्हता. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. बाबा तिच्यासमोर आले, खाकरले, बोलले काहीच नाहीत. तिच्या खांद्यावर दोऱ्याचा एक तुकडा राहिला होता. तो त्यांनी चिमटीत धरून काढला, बोटाला गुंडाळला आणि मागे फिरले. तेव्हा मला वाटलं होतं, काय माणूस आहे, लेक चालली आणि हा शिवण तपासतोय.

बाप म्हणून माझा पहिला खेळ लागला तो नेमका बहिणीच्याच सासरच्या गावी. मंडईचं आमंत्रण म्हणून तिने सगळ्यांना बोलावलं होतं, बाबांनाही. लेकीने बोलावल्यावर त्यांना दुकान आठवलं नाही. बहिणीने दुपारी जे जेवायला घातलं, ते काही विचारू नका. कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या, वांग्याची भाजी, नव्या तांदळाचा भात, वर दूध-गूळ. मी नाही नाही म्हणत होतो आणि ती वाढत होती. बाबाही तिच्या घरी पोटभर जेवले. धोतराची गाठ सैल करून ते ओसरीवर बसले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, येता का नाटकाले?"

"पोट उतरवाले कुठंतरी जानंच लागन," ते म्हणाले.

मिशी माझी स्वतःची होती. विरळ, पण स्वतःची. गळ्यात मी टेप घातला नव्हता, कारण नाटकातला बाप शेतकरी होता. पण चालायला लागलो आणि हात आपोआप गळ्याशी गेला. कन्यादान झालं. तांब्याच्या झारीतून पाण्याची धार मुलीच्या ओंजळीवर पडली. उपासाच्या भाषणापाशी मी आलो, आणि शेटजींची भजी आठवून लोक हसतील या भीतीने भाषणच गिळलं. नुसता खाकरलो आणि ओठावरून जीभ फिरवली. भीतीने तोंड कोरडं पडलं होतं. मास्तर पडद्याआडून वाक्य सुचवत होते. मी ऐकलं नाही.

पाठवणी आली. बायका उठल्या, त्या पोरीची ओटी भरली, तिने पदर बरोबर धरला होता. मला मनापासून आनंद झाला, खोटं नाही. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इथे शेटजी हंबरडा फोडायचे. मी तिच्या खांद्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. तरी मी चिमूट केली, तिथला दोरा काढला, बोटाला गुंडाळला आणि मागे फिरलो.

कोणी टाळी वाजवली नाही. बांधीत असं शांत झालं होतं की पाळण्याची करकर ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं. बाबा म्हणाले होते तसंच झालं.

खेळ सुटला तेव्हा अजून उजेड होता. मी फेटा काढून रंगमंचामागे एका धानाच्या भाऱ्यावर बसलो. बायको पाणी घेऊन आली. बाबाही येऊन थोड्या अंतरावर उभे राहिले, पाठमोरे, बैलगाड्या निघताना पाहत. तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. बाजूच्या गावची होती. मला ती ओळखीची वाटली, कारण मी लेक असताना तिने माझी ओटी भरली होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी होती, परतीच्या वाटेवर गाडीत खायची. ती माझ्यासमोर बसली आणि फडकं सोडलं. तांदळाच्या भाकरी, भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी.

"घे बापा," ती म्हणाली. "आता तरी जेव. सकाळपासून पोटात काई नसन."

शेटजींनी इतकी वर्षं पानभर उपास सांगितला होता आणि त्यांना कोणी शिळा तुकडाही आणून दिला नव्हता. मी उपासाचं अक्षर बोललो नव्हतो. कोचईच्या वड्या माझ्या गळ्यापर्यंत आलेल्या होत्या.

"आजी, ते नाटक होतं," मी म्हटलं.

"नाटक हाये ते काय मले नाई समजत?" ती चिडली. "पन पोरीच्या हातावर पानी सोडलं का नाई तू? मंग उपास धरलाच असन. तोंड कसं सुकलं होतं तुहं, म्या पाह्यलं."

बायकोने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते, पण तिने मला डोळ्यांनी दटावलं. मी भाकर मोडली. पहिला घास गिळला आणि मला रडू आलं, अगदी उघडपणे, नाकही पुसलं नाही. इतक्या वर्षांत इतकं चांगलं काही मी खाल्लं नव्हतं, आणि पोटात तर तसूभर जागा नव्हती.

"रडू नोको," म्हातारी म्हणाली. "पोरगी चांगल्या घरी पडली. म्या पाह्यले ना लोक." मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं. ते आता वळून आमच्याकडे पाहत होते. त्यांच्या बोटाला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. तो कुठून काढला होता कोण जाणे, धोतराचा असेल.

"हे कोन?" म्हातारीने विचारलं. "पोरीचे आजे का?"

मी घास तोंडात धरून बाबांकडे पाहिलं. त्या पहिल्या दिवसानंतर त्यांनी नाटकाला कधी नाटकही म्हटलं नव्हतं. नुसतं 'तुहं ते' म्हणायचे. ते खाकरले.

"हौ," बाबा म्हणाले. "आजा हावो मी पोरीचा. आन् हा माहा पोरगा."

"मंग तुमीबी उपाशीच असान," म्हातारी म्हणाली आणि बाजूला सरकून तिने जागा केली.

बाबांनी धोतर सावरलं, गाठ आणखी थोडी सैल केली, माझ्या शेजारी भाऱ्यावर बसले आणि भाकरीसाठी हात पुढे केला.